दुसऱ्या देवळालीची शर्यत

पुणे

मोटारींच्या शर्यतीचं वेड आमच्या घरात आहे ते माझ्या नणंदेला. वन्संचं वय तेव्हा एकावन्न. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. लग्न केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्कराच्या गाड्या चालवत असत. तिथे एकदा साहेबलोकांनी माळावर मोटारी पळवायची स्पर्धा भरवली आणि वन्संच्या हातात निशाण दिलं. पाच तास उन्हात उभं राहून त्यांनी ते हलवलं आणि त्यांच्याहून वाईट चालवणारी माणसं त्यांच्या तोंडावर धूळ उडवत गेली. लग्न होऊन आल्यापासून चौदा वर्षं मी ही गोष्ट ऐकत होते. शेवट दर वेळी एकच असायचा. "मालू, त्यातल्या एकालाही धड गियर बदलता येत नव्हता गं."

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हं तापायच्या आधी, पुण्यातल्या एका मोटार क्लबाचं पत्रक वन्संच्या हाती पडलं. हौशी लोकांची ऑटोक्रॉस स्पर्धा, स्त्रियांनाही प्रवेश, स्थळ देवळाली. ऑटोक्रॉस म्हणजे काय हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून सांगते. मोकळ्या माळावर खुणा रोवून वाकडीतिकडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. ती त्या वाटेनं जमेल तितक्या जोरात जाऊन परत येते आणि कुणीतरी घड्याळ लावून बसलेलं असतं. खुणेला धक्का लागला तर पाच सेकंदांचा दंड, खूण चुकवली तर गाडी बाद. सोबतीला एक माणूस चालतो.

"चालवायचं तू, सांगायचं मी," वन्सं म्हणाल्या.

मी शाळेत गणित शिकवते. मोटारीचं लायसन्स मला तिसऱ्या खेपेला मिळालं होतं. "तुम्हीच का नाही चालवत?" मी विचारलं.

"वस्तादानं स्वतः आखाड्यात उतरायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि पत्रक पर्समध्ये घातलं.

गाडी वन्संचीच. लढाई संपल्यावर विलायतेहून आलेली, चौघांची म्हणून विकलेली आणि तिघांना जेमतेम मावून घेणारी. तिला सगळे ठमी म्हणत. नाना पेठेतल्या एका फिटरनं वन्संच्या देखरेखीखाली दोन महिन्यांत ठमीला शर्यतीची गाडी केली. वजन कमी करायचं म्हणून मागचं बाकडं काढलं, दारांच्या आतले पुठ्ठे काढले आणि शेवटी माझ्या शेजारची सीटही काढली. तिथे वन्संनी आमच्या स्वयंपाकघरातला जेवायचा पाट ठोकून घेतला. मागच्या स्प्रिंगेत टांग्याचा एकेक पाटा वाढवला, त्यामुळे ठमी मागून उंच झाली आणि सतत जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखी दिसू लागली. गाडी उलटलीच तर डोकी शाबूत राहावीत म्हणून पाण्याच्या नळाची एक कमान आत बसवली. सायलेन्सर काढून सरळ नळी लावली. त्यानं ताकद वाढते, असं फिटर म्हणाला. ताकदीचं मला माहीत नाही, पण पहिल्यांदा सुरू केली तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं आपली गिरणी बिघडली समजून पट्टा उतरवला.

निघताना यजमानांनी एवढंच सांगितलं, "पोचल्यावर तार करा. तारेत 'पोचलो' लिहा. बाकी काही लिहू नका."

सुप्याच्या अलीकडे

शिरूर ओलांडलं आणि हिरवा रंग संपला. दोन्ही बाजूंना नांगरून तशीच राहिलेली राखाडी ढेकळं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. त्यांच्यासमोरून मोठा आवाज करत, बाजूला हौसेनं सात आकडा रंगवलेल्या गाडीतून जाताना मला फार ओशाळवाणं झालं. वेग वाढवावा तर आवाज आणखी वाढायचा. म्हणून मी हळू चालवत राहिले आणि हळू चालवल्यामुळे ठमीचं पाणी उकळलं. नेमकं त्यांच्यासमोरच.

आम्ही उतरलो. आमच्या पिण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्या गाडीसाठी काढून ठेवल्या. चार बायका हातोड्या ठेवून बघायला आल्या. एकीनं आत डोकावून कमानीवर बोटानं टिचकी मारली.

"ही कशापाई?"

"गाडी उलटली तर आधार," मी म्हणाले.

"उलटती व्हय?"

"अजून नाही."

तिनं थोडा विचार केला. "मंग आत्ता रिकामीच हाय की."

माझ्या लक्षात यायच्या आत तिनं बाभळीला टांगलेली झोळी सोडून आणली आणि कमानीला बांधली. आत पाचेक महिन्यांचं पोर होतं. बाभळीची सावली नावापुरती होती, गाडीत निदान टप होता. बाया कामावर गेल्या. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास लागला. तेवढा वेळ वन्सं पाटावर बसून दोरी ओढत होत्या. वसतिगृहात ज्यांच्या नुसत्या पावलांनी मुली पुस्तकं उघडत, त्या वन्सं हलक्या आवाजात बाळाला क्लच म्हणजे काय ते सांगत होत्या. पोर शांत झोपलं. मी इंजिन सुरू करायला गेले तेव्हा आईनं येऊन आधी झोळी सोडून घेतली आणि मग म्हणाली, "उलटू देऊ नका बरं का."

नगर

पत्रकात एक अट होती की चालवणारानं आणि सोबत्यानं पट्ट्यानं बांधून घेतलं पाहिजे. तसले पट्टे पुण्यात मिळाले नाहीत. वन्सं म्हणाल्या, नगरात मिळतील, तिथे घोडी पुष्कळ. मला आधी हा संबंध कळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेतून निघून आम्ही टांगा अड्ड्यामागे खोगीर शिवणाऱ्या एका चाचांच्या दुकानी गेलो तेव्हा कळला. पलंगाला लावतात ती नवार दुपदरी घ्यायची, तिला घोड्याच्या तंगाचं, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याचं, बक्कल लावायचं आणि गाडीच्या तळाला बोल्ट करायची, असा बेत होता.

चाचांनी टेपानं आमची मापं घेतली. दोन पोक्त बायकांची मापं तंगासाठी घ्यायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी. ते टेपाचं एक टोक आमच्या हातात देत आणि स्वतः भिंतीकडे बघत.

"बांधून कशाला घ्यायचं, बाई?" त्यांनी अखेर विचारलं.

"जोरात वळताना बाहेर पडू नये म्हणून," वन्सं म्हणाल्या.

"मग हळू वळा ना."

वन्संनी हातातलं टेपाचं टोक आणखी घट्ट आवळलं.

पट्टे मात्र चाचांनी उत्तम शिवले. फक्त सवयीनं माझ्या पट्ट्याला एक घुंगरू लावलं. काढायला सांगितलं तर म्हणाले, राहू द्या, नजर लागत नाही.

देवळाली

राहुरी सोडल्यावर कालव्याचं पाणी भेटलं आणि डोळ्यांना एकदम थंड वाटलं. तासाभरापूर्वी बोडकी जमीन पाहिली होती आणि इथे माणसाच्या डोक्यावर गेलेला ऊस उभा होता. पाणी या वर्षी मोजून सुटत होतं, तरी सुटत होतं. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगेमागून आम्ही दुपारी तीनच्या सुमाराला देवळालीत शिरलो.

शर्यतीची काहीच खूण नव्हती. ना निशाणं, ना मंडप, ना दुसरी मोटार. चावडीजवळ एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते, डोक्याला फेटा, पायांत करकरीत वहाणा. ते सखाहरी आबा. पुढचे दोन दिवस आम्ही त्यांच्याच घरी राहिलो.

"शर्यत कुठे आहे?" मी ओरडून विचारलं. ठमी चालू असताना ओरडावंच लागे.

"कशाची?"

"मोटारींची!"

आबांनी चारी दिशांना नीट बघितलं, जणू चुकून कुठे असली तर सापडावी. "न्हाई वो. हितं ऊस हाय, कारखाना हाय, डाक्टर बी चांगला हाय. शर्यत न्हाई."

वन्संनी पर्समधून पत्रक काढून मोठ्या रुबाबात आबांच्या हाती दिलं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी शाळेतून कवायतीच्या मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर सायकलवरून आले, गळ्यात शिट्टी तशीच. पत्रक त्यांनी एकदा वाचलं, मग डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं.

"बाई, हे देवळाली कॅम्प आहे. जिल्हा नाशिक. बारीक अक्षरात आहे, पण आहे."

मी ठमी बंद केली. इतकी शांतता झाली की कालव्याचं पाणी ऐकू आलं.

"आमची देवळाली प्रवरा," मास्तर समजावू लागले. "हे नेहमीचंच आहे. तिकडच्या तारा इकडे येतात."

"तारा काय घिऊन बसला," आबा म्हणाले. "मागल्या साली वऱ्हाड आलं हुतं हितं. घोड्यासकट. नवरदेव उतरून इचारतो, मांडव कुठंय? जेवू घातलं आन् दिलं लावून."

नाव नोंदवायची मुदत त्याच संध्याकाळी पाचला संपत होती. नाशिक तिथून ऐंशी मैलांवर तरी असेल. ठमीला उड्डाणाची सोय फिटरनं केलेली नव्हती.

मला राग आला. पत्रक माझ्या हाती एकदाही न देता वन्संनी मला शंभर मैल चालवायला लावलं होतं. मी वळून बोलणार, तर त्या तिथे नव्हत्या. कालव्याच्या काठावर जाऊन बसल्या होत्या, पाठ करून.

"वन्सं, तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"मोठी अक्षरं वाचली," त्या म्हणाल्या. "वाट एस.टी. स्टँडवर विचारली, त्यांनी ही देवळाली सांगितली." मग त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "दोन वर्षं झाली, मालू. मोतीबिंदू. उजव्या डोळ्यापुढे नुसतं धुकं. डाव्यापुढे धुकं आणि थोडा उजेड."

मी त्यांच्या शेजारी बसले. मागचे दोन महिने, सरावाचे, आठवले. रस्त्यानं जाताना त्या नेहमी मला विचारत, समोर काय आहे सांग. शिकवण्याची पद्धत आहे, असं मी समजत होते.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आधी डोळे, मग शर्यत."

"बरोबरच म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात पिकू दे अजून. पिकेपर्यंत मी साठीची होईन. एकदा कुणीतरी घड्याळ लावून माझी वेळ मोजावी, एवढंच हवं होतं गं. चालवणारी तू असलीस तरी."

वन्सं रडतात कशा हे मला माहीत नव्हतं. त्या ताठ बसून रडतात.

आमच्या मागे आबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, पण दाखवलं नाही. खाकरून म्हणाले, "घराकडं चला. आमची मंडळी च्या ठेवून बसल्यात."

वस्तीवर

आमच्याकडे पुण्यात दुपारी चारला पाहुणा आला तर आधी विचारतात, चहा घेणार ना? पाहुण्यानं नको म्हणायचं असतं, मग पुन्हा विचारायचं असतं. आबांच्या वस्तीवर असलं काही नव्हतं. बसायच्या आधी कप हातात आला. कप रिकामा झाला तो दिसलाच नाही, कारण तो लगेच भरला.

आबांच्या पत्नी गयाबाई पन्नाशीच्या, काटक, ठसठशीत कुंकू आणि बोलण्याआधी पूर्ण बघून घेण्याची सवय. आम्ही चहा पीत होतो तेव्हा त्या ठमीभोवती हिंडत होत्या. खाली वाकल्या, चाकामागे बघितलं, मग आत येऊन मला म्हणाल्या, "तीन पायटं हायती. मान्साला पाय दोन. मंग?"

मी समजावलं की डावा पाय क्लचला आणि उजवा आलटून पालटून उरलेल्या दोघांना.

"म्हंजी उजव्यालाच काम," गयाबाई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाच्या फोडणीचे, ओठ जाळणारे, आणि सोबत भाकरी. रेशनवर ज्वारीच्या जातीचा परदेशी लाल मिलो मिळत होता त्या दिवसांत. भाकरी निम्मी त्याची, निम्मी बाजरीची. गयाबाईंनी ते आपण होऊन सांगितलं, माफी मागितल्यासारखं नव्हे, माहिती म्हणून. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वन्संनी एक.

आबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "मी काय म्हन्तो. पाव्हने शर्यतीला आले. शर्यत न करता माघारी गेले तर गावाचं काय ऱ्हाईल?"

"अहो, पण शर्यतच नाही ना," मी म्हणाले.

"न्हाई तर करू की. उद्या सकाळी. कालव्याच्या वर माळ हाय माझा. पडीकच हाय. मास्तरकडं घड्याळ हाय पळायचं. आनखी काय लागतं?"

वन्संनी मान वर केली. "खुणा लागतात," त्या म्हणाल्या.

खुणा कशाच्या करायच्या यावर अर्धा तास खल झाला. दगड नको, गाडी फुटेल. घागरी नको, घागरी फुटतील. शेवटी ठरलं, उसाच्या मोळ्या. खड्डा घेऊन त्यात मोळी उभी पुरायची, वर वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या पानांचा, हिरवा तुरा राहील, लांबून दिसेल. आठ खुणा.

"पर बाई एकटीच धावणार?" आबांना शंका आली. "मंग हरवणार कुनाला?"

"घड्याळाला," वन्सं म्हणाल्या.

"मास्तरच्या?" आबांना हे पटलं नाही. मास्तर भला माणूस होता, त्याला गावासमोर हरवणं बरं दिसत नव्हतं. म्हणून आणखी दोन नावं घातली गेली. एक आबांची स्वतःची बैलगाडी आणि दुसरा बन्सी. बन्सी म्हणजे ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला. निरोप गेल्यावर तो येऊन खुणांची वाट समजून घेऊन गेला.

माळावर

दिवस उगवताच वन्सं मला घेऊन माळावर गेल्या. मोळ्या पुरून झाल्या होत्या. त्यांनी प्रत्येक मोळीला हात लावून बघितला आणि मला म्हणाल्या, "गाडी आण. दुसऱ्या गियरमध्ये एकाच सुरात चालव. सूर बदलू नकोस. मी आकडे मोजते."

आम्ही वाटेनं सावकाश तीन फेऱ्या मारल्या. वन्सं डोळे मिटून पाटावर बसल्या होत्या आणि मोजत होत्या. पहिल्या मोळीपासून दुसरीपर्यंत चौदा, मग डावीकडे. दुसरीपासून तिसरी नऊ, उजवीकडे. तिसऱ्या फेरीला मी समोर बघायच्या आधी त्या वळण सांगत होत्या.

नऊ वाजेपर्यंत माळावर सगळा गाव. उसाच्या बैलगाड्या कारखान्याच्या रस्त्यावर तशाच उभ्या करून लोक आले होते. मास्तरांनी शाळा सोडली नव्हती, शाळाच माळावर आणली होती. मास्तर आणि दोन वडीलधारी मंडळी पंच म्हणून बाजेवर बसली. ठमीच्या पुढे नारळ फुटला. पाणी तिच्या बॉनेटवर शिंपडलं, खोबरं सगळ्यांना.

पहिली आबांची बैलगाडी. शिट्टी झाली, बैल उधळले, लोक ओरडले. पहिल्या मोळीपाशी बैल थांबले आणि मोळी खाऊ लागले. दुष्काळाचं साल, बैलांना दोष द्यायला जागा नव्हती. आबा आधी ओरडले, मग विनवू लागले, मग खाली उतरून शेजारच्या माणसाशी पावसाचं बोलू लागले. पुढच्या मोळीपाशी पुन्हा तेच. मास्तरांनी घड्याळ थांबवलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि दोन मोळ्यांचे नुसते बुडखे उरले होते. त्या जागी नवीन मोळ्या पुरल्या.

मग बन्सी. ट्रॅक्टर त्यानं एका खुणेलाही न शिवता, वळणाला जराही घाई न करता, सुईत दोरा ओवावा तसा नेला आणि आणला. तीन मिनिटं बावन्न सेकंद. टाळ्या. बन्सी खाली उतरून फेटा सारखा करत बाजूला उभा राहिला.

मधल्या वेळात लोक माळभर पसरले. ऊस फुकट उभा आहे म्हटल्यावर कुणी इथला मोडून चघळ, कुणी तिथला. मास्तर शिट्ट्या वाजवत फिरत होते. आणि कुणाची तरी म्हैस सुटून आली, तिनं सहावी मोळी बुडासकट ओढून काढली आणि तीसेक पावलं कालव्याकडे नेऊन निवांत खायला लागली. हे मी बघितलं नाही. मी पुण्याहून आणलेलं हेल्मेट चढवत होते. वन्संना तर दिसणंच शक्य नव्हतं.

आम्ही पट्टे आवळले. माझं घुंगरू वाजलं. शिट्टी झाली.

पहिल्या वळणाला ठमी एवढी कलली की मला जमीन खिडकीत दिसली. "सोडू नको पाय," वन्सं ओरडल्या. "सूर धर!" त्यांचा पाट कुरकुरत होता आणि इंजिनाचा सूर सकाळपेक्षा चढा, म्हणून त्या आकडेही तितकेच भराभर मोजत होत्या. "चौदा! डावीकडे! आता नऊ... उजवीकडे!" तिसरी, चौथी. पाचवीला मागचं चाक मोळीला निसटतं घासलं, वाढ्याची पानं काचेवर आली. मी ओरडत होते असं नंतर मला सांगण्यात आलं. काय ओरडत होते ते कुणी सांगितलं नाही.

पाचवी मागे पडली आणि समोर सहावी नव्हती. मोकळा माळ. डावीकडे लांब माणसांचा घोळका हात करून बोंबलत होता, "म्हशीला वळसा घाला! म्हशीला!" म्हशीच्या तोंडात हिरवा तुरा हलत होता.

"दहा, अकरा," वन्सं मोजत होत्या.

"वन्सं, मोळी नाही इथे!"

"बारा."

"म्हशीनं नेली! लोक म्हणतात म्हशीकडे वळ!"

"तेरा. उजवीकडे वळ, मालू. आत्ता!"

आदल्या दुपारपर्यंत या बाईनं मला दोन वर्षं खोटं सांगितलं होतं. तिला समोरची म्हैस दिसत नव्हती, माणसं दिसत नव्हती, मी दिसत असेन की नाही कुणास ठाऊक. आणि तरी त्या माळावर आपण नेमके कुठे आहोत हे फक्त तिला माहीत होतं. मी उजवीकडे चाक फिरवलं. शे-दीडशे लोकांनी एकदम हाय केलं. सातवी समोर आली, अगदी जिथे यायला हवी तिथे. मग आठवी. मग मास्तरांची शिट्टी. ठमी पंचांच्या बाजेपासून चार हातांवर थांबली. बाजेवर तेव्हा कुणी नव्हतं.

एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद. अधिक पाच, पाचव्या खुणेला घासल्याचे.

पण भांडण लागलं. एक म्हातारे पंच म्हणाले, खूण चुकली, गाडी बाद. मास्तर म्हणाले, नियमात मोळी म्हटलंय, मोळी तिकडे होती. कुणी म्हणालं, म्हैस कुणाची ते आधी ठरवा. वन्सं पट्टा न सोडता ताठ बसल्या होत्या.

तेव्हा बन्सी पुढे आला. माळावर चालत गेला आणि एका जागी उभा राहून त्यानं हाक मारली. सगळे तिकडे धावले. तिथे मोळीचा रिकामा खड्डा होता आणि त्याच्या बाहेरून, हातभर अंतरावर, ठमीच्या चाकांचा गोल उमटला होता.

"खूण म्हंजी खड्डा," बन्सी म्हणाला. "मोळी म्हशीनं मंबईला नेली तर बाईनं तिकडं जायाचं का?"

मास्तरांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. पहिली, बाईंची मोटार, एक मिनिट एकोणपन्नास. दुसरा, बन्सी. आणि आबांच्या बैलांना उत्तेजनार्थ. वन्संनी मास्तरांना वेळ पुन्हा वाचायला सांगितली. त्यांनी वाचली. पुन्हा एकदा सांगितली. त्यांनी तिसऱ्यांदाही वाचली, कवायतीच्या आवाजात, माळभर ऐकू जाईल अशी. मी बन्सीचे आभार मानायला गेले तर तो म्हणाला, "आभार कशाचे? चाक तिथंच गेल्तं."

बक्षीस म्हणून गुळाची ढेप होती. ती देणार होत्या गयाबाई. ढेप आबांच्या हातात देऊन त्या सरळ माझ्याकडे आल्या. "मला बसू द्या."

मला वाटलं, एक फेरी हवी असेल. मी शेजारचा पाट दाखवला.

"तिथं न्हाई. हितं."

आबा म्हणाले, "अगं, ती काय मोट हाय व्हय?" गयाबाईंनी ऐकलं नाही. डोक्यावरचा पदर घट्ट खोचला, त्यावर माझं हेल्मेट घातलं आणि चाकामागे बसल्या. वन्सं पाटावरून हलल्या नव्हत्या. त्यांनी गयाबाईंचा डावा हात धरून गियरच्या दांड्यावर ठेवला. "डावा पाय दाबा. हं. आता सावकाश सोडा. सावकाश म्हणजे, दुधावरची साय काढतो तसं."

ठमी तीन उड्या मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा उड्या. तिसऱ्यांदा ती चालू लागली. मग चांगलीच चालू लागली. गयाबाईंचा उजवा पाय आपलं काम करत होता. पहिल्या मोळीला त्या वळल्या नाहीत. दुसरीवरून थेट गेल्या. वन्संचा आवाज येत होता, "ब्रेक! मधला! मधला!" आणि ठमी सात आकड्यासकट आबांच्या उभ्या उसात शिरली. मागचा उंच भाग तेवढा क्षणभर दिसला, मग तोही मिटला. शेंडे हलत हलत लांब गेले आणि थांबले.

आबा धावले, एक वहाण मागे राहिली. बन्सी धावला, मास्तर धावले, साडी सावरत मी धावले. उसाच्या कडेला आम्ही पोचलो तर आतून काही ऐकू येईना.

"अगं ए!" आबा ओरडले. घाबरले होते बिचारे. "लागलं का?"

आत कडी सरकावी तसा गियरचा आवाज झाला. ठमी खोकली आणि सुरू झाली. पानांमागून गयाबाईंचा आवाज आला, खणखणीत.

"अवो, बाजूला व्हा समदी! ताई सांगत्यात मागं कशी घ्यायची ते!"